उपकार की देणे?

एका माणसाने स्वतःचे घर वाढवताना शेजाऱ्याच्या भिंतीचा पाया उकरला. पहिल्याच पावसात ती भिंत कोसळली. दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्याच्या दारी धान्याचे एक पोते पाठवले आणि ही गोष्ट गावात चार जणांच्या कानावर जाईल अशी व्यवस्थाही केली. वाचकहो, या पोत्याला आपण काय म्हणाल? सदका म्हणाल, शेजारधर्म म्हणाल, की भरपाईचा एक अपुरा हप्ता म्हणाल? हा वाद केवळ शब्दांचा वाटेल. परंतु देणाऱ्याची मान ताठ राहायची की खाली जायची, घेणाऱ्याने आभार मानायचे की पावती द्यायची आणि उरलेल्या रकमेची मागणी करायची, हे सारे त्या एका शब्दावर ठरते.

हवामान बदलाविषयी जगातील राष्ट्रे गेली तीसहून अधिक वर्षे जी चर्चा करीत आहेत, तिच्या मुळाशी हाच शब्द अडकून पडला आहे. तो सोडवण्याचे काम पॅसिफिक महासागरातील एका महाविद्यालयीन वर्गाने हाती घेतले. ती हकिगत आपल्या घरातील शिकणाऱ्या मुला-मुलींनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

साउथ पॅसिफिक विद्यापीठ हे कोणा एका देशाचे विद्यापीठ नाही. पॅसिफिकमधील बारा देशांनी मिळून ते चालवले आहे. त्याचे मुख्य आवार फिजीमधील सुवा येथे आहे, तर कायद्याचा विभाग वनुआतू या देशाच्या राजधानीत, पोर्ट व्हिला येथील इमॅलस आवारात आहे. वनुआतू म्हणजे सुमारे ऐंशी बेटे आणि तीन लाखांच्या आसपास माणसे. या देशाच्या कारखान्यांनी आणि मोटारींनी आकाशात सोडलेला धूर जगाच्या हिशेबात दिसणारही नाही इतका अल्प आहे. पण मार्च २०१५ मध्ये आलेल्या ‘पाम’ नावाच्या चक्रीवादळाने त्या देशाचे जे नुकसान केले, ते त्याच्या वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के होते. आपल्या एखाद्या कुटुंबाची आठ महिन्यांची कमाई एका रात्रीत वाहून गेली, असे समजा.

या आवारात २०१९ साली आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला. हवामानाच्या संकटात पॅसिफिकच्या देशांना कायद्याचा कोणता मार्ग खुला आहे? मुले वेगवेगळ्या बेटांवरून आलेली होती. त्यांनी निरनिराळे पर्याय मांडले, एकमेकांचे खोडून काढले, आणि शेवटी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे या कल्पनेवर ती येऊन थांबली. कल्पना अगदी नवी होती असे नाही. पलाऊ या दुसऱ्या बेटराष्ट्राने २०११ मध्ये तसा प्रयत्न आरंभला होता आणि तो तडीस गेला नव्हता. या मुलांचे वेगळेपण असे की, परीक्षा संपल्यावर त्यांनी वही मिटली नाही. त्यांनी हवामान बदलाविरुद्ध लढणाऱ्या पॅसिफिक विद्यार्थ्यांची संघटना उभारली आणि आपल्या भागातील सरकारांना पत्रे लिहिली. २०२१ मध्ये वनुआतूच्या सरकारने हा विषय आपला मानला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मतदानाशिवाय, सर्वसंमतीने तो न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले मत एकमताने दिले.

आता मूळ शब्दाकडे वळू. पर्यावरणावरील उपायांची चर्चा महाविद्यालयांतून सर्वत्र होते. वृक्षारोपण, सौर पंखे, प्लास्टिकमुक्त आवार, सायकल फेरी! ही कामे चांगलीच आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु या साऱ्या चर्चांत ‘काय करावे’ हा एकच प्रश्न असतो. पोर्ट व्हिलाच्या वर्गाने त्याच्या आधीचा प्रश्न विचारला. कोण कोणाचे देणे लागतो?

हा प्रश्न बड्या राष्ट्रांना किती नकोसा आहे, याचा पुरावा कागदोपत्री उपलब्ध आहे. २०१५ च्या पॅरिस कराराने हवामानामुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. पण त्यासोबत संमत झालेल्या ठरावातच असे लिहून ठेवण्यात आले की, या कलमाच्या आधारे कोणाचीही जबाबदारी किंवा भरपाई ठरणार नाही. पुढे २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे हानीग्रस्त देशांसाठी निधी स्थापण्याचा निर्णय झाला. तो निधीही देणाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे. म्हणजे पोते पाठवायचे. भिंतीविषयी मात्र बोलायचे नाही.

इस्लामने या ठिकाणी एक अत्यंत स्पष्ट रेषा आखली आहे. जकातीचेच पाहा. पवित्र कुरआनने श्रीमंतांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असल्याचे सांगितले आहे. जकात देणारा गरिबावर उपकार करीत नसतो, तो त्याचे त्याला पोचवीत असतो. जेथे स्वतःच्या कष्टाच्या कमाईतही दुसऱ्याचा हक्क मानला आहे, तेथे दुसऱ्याचे नुकसान करून उभ्या राहिलेल्या संपत्तीबद्दल काय बोलावे!

तौबेचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये तौबेच्या अटी दिल्या आहेत. गुन्हा थांबवणे, मनापासून पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. आणि गुन्हा एखाद्या माणसाच्या हक्काशी संबंधित असेल तर चौथी अट, ज्याचे त्याला परत करणे. आता हेगच्या न्यायाधीशांनी काय म्हटले ते पाहा. हवामानाच्या रक्षणाची कर्तव्ये मोडणे हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार अवैध कृत्य आहे. ते करणाऱ्या राष्ट्राने ते कृत्य थांबवले पाहिजे, परिस्थितीनुसार पुन्हा न करण्याची हमी दिली पाहिजे, आणि कृत्य व हानी यांचा संबंध सिद्ध झाल्यास पूर्ण भरपाई दिली पाहिजे. न्यायालयाने तौबेच्या अटी वाचल्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. कायद्याची ही तत्त्वे आपल्या वाटेने तेथवर आली आहेत. परंतु ‘हक्कुल इबाद’ म्हणजे काय हे ज्या घरांत लहानपणी शिकवले जाते, त्या घरांना हा निर्णय परका वाटू नये. पश्चात्ताप तेवढा न्यायालयाला मागता येत नाही. तो आपल्याच दरबारातील विषय आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शंभर वर्षांपूर्वी कोळसा जाळणाऱ्याला त्याचे परिणाम ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक नव्हते, त्याचा गुन्हा कसला? आक्षेपाचा अर्धा भाग बरोबर आहे. अजाणतेपणी घडलेल्या गोष्टीचे पाप लागत नाही. परंतु आपल्या फुकहांनी पाप आणि भरपाई या दोन गोष्टी फार पूर्वी वेगळ्या केल्या. झोपेत कूस बदलताना एखाद्याच्या हाताने दुसऱ्याचे भांडे फुटले, तर तो गुन्हेगार ठरत नाही; भांड्याची किंमत मात्र त्याला द्यावी लागते. भांडेवाल्याचे नुकसान तुमच्या हेतूने कमी होत नाही. आणि अजाणतेपणाची सबब तरी आता किती काळ चालेल? संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक मूळ करार १९९२ चा आहे. त्यानंतर जे जाळले गेले ते डोळे उघडे ठेवून जाळले गेले.

नौकेची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी निवेदन केलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. एका नौकेत काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांनी विचार केला की, आपण आपल्याच भागात एक छिद्र पाडू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारे बुडतील आणि हात धरला तर सारे वाचतील. जुम्याच्या भाषणांत ही हदीस वाईटाला रोखण्याच्या संदर्भात नेहमी येते. मात्र तिच्यातील एक तपशील बहुधा सुटून जातो. छिद्र पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वर ये-जा करून वरच्यांना त्रास होऊ नये, हाच त्यांचा विचार होता. शिवाय छिद्र ते ‘आपल्याच’ भागात पाडणार होते. हेतू चांगला आणि जागा स्वतःची; तरी पाणी आत यायचे थांबत नाही.

आज मजले उलटे झाले आहेत. छिद्र वरच्यांनी पाडले आहे आणि पाणी प्रथम खालच्यांच्या पायाशी आले आहे. हात धरण्याचे काम खालच्यांना करावे लागत आहे. पोर्ट व्हिलाच्या मुलांकडे त्यासाठी बळ नव्हते, कायद्याची पुस्तके होती. न्यायालयाचे हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, ते कोणा राष्ट्रावर थेट लादता येत नाही, हे खरेच. त्याने वनुआतूत एकही घर बांधले गेलेले नाही. पण यापुढे पोते घेऊन येणाऱ्याला भिंतीविषयी विचारता येईल.

येथवर वाचताना आपण मनातल्या मनात स्वतःला खालच्या मजल्यावर बसवले असेल. त्याला आधारही आहे. भारताचा दरडोई धूर जागतिक सरासरीहून कमी आहे, आणि हेगच्या सुनावणीत भारतानेही विकसित राष्ट्रांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर बोट ठेवले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या बागांच्या मालकांत आपलीही कुटुंबे होती. एखादे विशिष्ट वादळ केवळ हवामान बदलामुळे आले असे छातीठोकपणे म्हणू नये. पण तापलेला समुद्र वादळांना बळ पुरवतो, हे निश्चित आहे.

तथापि आपल्या देशाच्या आतही मजले आहेत. एकूण धुरात भारत आज जगात तिसरा आहे. त्या धुरातील वाटा सर्वांचा सारखा नाही. शहरातील वातानुकूलित फ्लॅटमध्ये राहणारा, वलीम्याला हजार माणसांचे जेवण करून निम्मे फेकून देणारा, आणि मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात मजुरी करणारा, हे तिघे सारख्या मजल्यावर नाहीत. वनुआतूने जो प्रश्न श्रीमंत राष्ट्रांना विचारला, तोच प्रश्न त्या मजुराने आपल्याला विचारला तर? कोकणातील आपल्या अनेक घरांचे चिरे आखातातील कमाईचे आहेत. ती कमाई हलाल आहे, घामाची आहे, तिच्याविषयी कोणी शंका घेऊ नये. तरीही कमाई हलाल असणे आणि आपल्यावर कोणाचे देणे नसणे, या दोन भिन्न बाबी आहेत. हे कोणताही सचोटीचा व्यापारी सांगेल.

अडचण अशी आहे की, देणे कोणाचे हे येथे नाव घेऊन सांगता येत नाही. ज्याची भिंत पडली तो शेजारी डोळ्यांसमोर असतो. आपल्या धुराने ज्याचे पीक करपले, तो कोण, कोठला, जन्मला तरी आहे का, हे कसे शोधावे? हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याविषयी असे नमूद आहे की, एका खरेदीची किंमत चुकती करण्यापूर्वीच विकणारा निघून गेला. त्यांनी वर्षभर त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा त्यांनी ती रक्कम थोडी थोडी करून त्याच्या वतीने गरिबांत वाटली. आणि वाटताना स्पष्ट केले की, तो माणूस परत आलाच तर या दानाचे पुण्य माझे राहील आणि त्याची किंमत माझ्यावर बाकी असेल. मालक सापडत नाही म्हणून देणे संपले, असे त्यांनी मानले नाही. आणि वाटून टाकले म्हणून संपले, असेही मानले नाही.

रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना आपण वहीत सोने लिहितो, रोकड लिहितो, दुकानातील माल आणि उधारी लिहितो. देण्यांच्या रकान्यात बँकेचे आणि नातलगांचे आकडे येतात. यंदा तेथे विजेचे वर्षभराचे बिल, गाडीचे पेट्रोल, विमानाची तिकिटे आणि समारंभात वाया गेलेले अन्न हेही शेजारी मांडून पाहावे. त्यासमोर जी रक्कम येईल ती जकातीत मिसळू नये. जकात हा वेगळा हक्क आहे. एखाद्या गावचा बंधारा, किनाऱ्यावरची उजाड बाग, उन्हात काम करणाऱ्यांसाठी सावली आणि पाणी, असे तिचे मार्ग आहेत. रक्कम किती असावी, ती कशी मोजावी, हे ठरवणे सोपे नाही. त्या कामाला घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींना बसवावे. पोर्ट व्हिलाच्या वर्गातील मुले साधारण त्यांच्याच वयाची होती.