धूलकोटच्या वाटेवर

असीरगड उतरून आम्ही धूलकोटकडे निघालो तेव्हा जून नुकताच लागला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. बऱ्हाणपूर जिल्ह्यातला हा सातपुड्याचा पट्टा. बारेला-भिलालांची वस्ती, पेरणीची वाट पाहणारी रानं, रस्त्याकडेला चहाची टपरी. मराठी माणसाने मुद्दाम थांबावं असं वरवर काही नाही. पण १८१८ साली याच दिवसांत पेशवा दुसरा बाजीराव इथल्या डोंगरात तळ देऊन बसला होता. खाली खेरी गावापाशी तो इंग्रज सेनानी जॉन माल्कमला भेटला आणि ३ जूनला इंग्रजांच्या छावणीत दाखल झाला. पेशवाई संपली ती इथे. शाळेत आपण खडकी, कोरेगाव, आष्टी घोकतो. धूलकोट क्वचितच कानावर येतं.

लोकांनी त्याला 'पळपुटा' ठरवून टाकलं. मला तो शब्द अपुरा वाटतो. भित्रा माणूस निदान जवळचं घट्ट धरून ठेवतो. बाजीराव बेफिकीर होता. गेलेली गोष्ट कोणीतरी परत आणून देईल, अशी त्याला खात्री होती आणि ती खात्री त्याला अनुभवानेच दिली होती. १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकराने पुण्याजवळ त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव वसईला गेला, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्याच फौजेच्या सोबतीने पुन्हा गादीवर बसला. तैनाती फौज गळ्यात पडली, स्वतंत्र कारभार गेला. पण गादी मिळाली ना! हरवण्याची खरी किंमत त्या दिवशी त्याला कळलीच नाही.

मग १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यावर. तो ठाण्याच्या कैदेतून निसटला आणि बाजीरावाने त्याला आतून हात दिला, असं इंग्रजांना वाटू लागलं. १८१७ च्या उन्हाळ्यात सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले तारण म्हणून द्यावे लागले, जूनमध्ये पुण्याचा अपमानकारक तह झाला. इथे तरी डोळे उघडायला हवे होते. पण ऑगस्टमध्ये माहुलीला माल्कम भेटायला आला, बाजीरावाच्या गोड बोलण्याने विरघळला, आणि किल्ले परत मिळाले. त्याच्या कहाणीतली सर्वांत घातक भेट मी हीच मानतो. तिन्ही किल्ले इंग्रजांनी ठेवून घेतले असते, तर कदाचित तो जरा जपून चालला असता.

नोव्हेंबरमध्ये खडकीची लढाई त्याने पर्वतीवरून पाहिली. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढे महिनोन्‌महिने पळापळ. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. ज्यांच्या नावाने सगळा कारभार चालायचा, तेच हातचे गेले. बाजीराव तरीही पुढच्या मुक्कामाची सोय पाहत होता.

खेरीच्या भेटीत तो माल्कमपुढे रडला. आपले तीन जुने इंग्रज स्नेही. क्लोज वारले, वेलस्ली दूर देशी, उरलात तुम्ही, असं त्याचं म्हणणं. माल्कमचं मन द्रवलंही. पण आता परत करण्यासारखं काही त्याच्या हाती नव्हतं. गादीवरचा हक्क सोडायचा, दक्षिण सोडायची, त्या बदल्यात वर्षाला निदान आठ लाख रुपये. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला हाही सौदा महागच वाटला. आठवड्याभरात बाजीरावाच्याच अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी त्याला घेरलं. फौजेचा पगार थकवायचा आणि तिच्यावरच जिवाची भिस्त ठेवायची, हेही त्याच्या स्वभावाला धरूनच. त्यातून त्याला सोडवलं ते माल्कमनेच.

इंग्रजांनी त्याला बिठूरला ठेवलं. तिथे तो १८५१ पर्यंत जगला. इतकी वर्षं पैसे मोजावे लागतील असा कंपनीचा अंदाज नव्हता. तनखा त्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी ठरला होता, पण त्याच्या माघारी कोणाला किती मिळायचं, हे धूलकोटच्या घाईत नीट बांधून घेतलं गेलं नाही. तो गेल्यावर कंपनीने तनखा बंद केला. अर्ज-विनंत्या करायची पाळी दत्तक मुलावर आली. तो मुलगा म्हणजे नानासाहेब.