पाना उचलण्याआधी

बेल्ट आणि डिस्क सँडर समोर ठेवा. वायर भिंतीतून काढून पिन यंत्राच्या वरच ठेवा, म्हणजे ती सतत डोळ्यांसमोर राहील. आता स्टूल ओढून बसा. पहिला अर्धा तास काहीही दुरुस्त करायचं नाही. पाना, स्क्रूड्रायव्हर, ग्रीसचा डबा हाताच्या टप्प्याबाहेर ठेवलेले बरे.

जुनं यंत्र घरात आलं की हात शिवशिवतात. ज्याला थोडंफार काम येतं त्याचे जास्तच. यंत्र समजून घ्यायच्या आधीच ते उघडलेलं असतं, आणि उघडल्यावर कळतं की वायसर कोणत्या बाजूला होता ते पाहायचं राहिलं. म्हणून आधी नुसतं बघा. मधे एक मोटर. तिच्या एका बाजूला पॉलिश पेपर चिकटवलेली उभी चकती, दुसऱ्या बाजूला दोन रोलरांवर ताणलेला पट्टा, आणि पट्ट्याच्या पाठीला आधार देणारी लोखंडी प्लेट. घरगुती यंत्रात पट्टा बहुधा ४ बाय ३६ इंचाचा आणि चकती ६ इंचाची असते. कारखान्यातलं असेल तर ६ बाय ४८चा पट्टा आणि ९ किंवा १२ इंचाची चकती. एवढंच यंत्र. लपवण्यासारखं त्यात फारसं काही नाही, म्हणूनच ते जुनं घ्यायला चांगलं.

ते आलं कुठून, याचा विचार करा. पुण्यात मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या एखाद्या गाळ्यातून, किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बंद झालेल्या शेडमधून. विकणारा म्हणाला असेल, 'फक्त पट्टा बदला, बाकी मशीन चकाचक आहे.' हे वाक्य सगळीकडे एकच असतं. त्यावर विश्वास ठेवू नका आणि रागावूही नका. यंत्राला स्वतःचं सांगायचं आहे, ते आधी ऐकू.

सुरुवात भुकटीपासून करा. झाकणाच्या कोपऱ्यात, प्लेटच्या मागे, मोटरच्या पंख्याच्या जाळीत ती साचलेली असेल. पुसायची घाई नको. चिमूटभर कागदावर घ्या आणि उजेडात धरा. तपकिरी, किंचित तेलकट असेल तर सागवान. पिठासारखी बारीक आणि फिकी असेल तर एमडीएफ. काळसर असून लोहचुंबकाला चिकटत असेल, तर कुणीतरी यावर पोलाद घासलं आहे. राखाडी असून चुंबकाला दाद देत नसेल तर बहुधा ॲल्युमिनियम. आणि लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा कीस एकाच ढिगात सापडला तर जरा थांबा. पोलाद घासताना ठिणग्या उडतात. त्या कोरड्या भुशात पडल्या तर लगेच ज्वाळा दिसेलच असं नाही. आत धुमसत राहतं आणि शेड बंद करून माणूस घरी गेल्यावर पेटतं. हे यंत्र तुमच्या हाती येईपर्यंत सुखरूप राहिलं, हे त्याचं नशीब. तुमच्याकडे ते एकतर लाकडाचं राहील किंवा धातूचं. दोन्हीचं ठेवायचंच असेल तर प्रत्येक बदलाआधी आतून पूर्ण साफ झालेलं असेल, हे आत्ताच मनाशी ठरवा.

आता भुकटी काढा, पण ब्रशने आणि व्हॅक्यूमने. कॉम्प्रेसरची हवा मारली की अर्धी भुकटी बाहेर उडते आणि उरलेली बेअरिंगच्या आत शिरते. काढताना लक्षात येईल की या यंत्राचे बहुतेक आजार त्याच्या स्वतःच्याच कामातून झालेले आहेत. ते दिवसभर जे तयार करतं, त्यानेच गुदमरतं.

पट्टा उतरवा. ताणाचा दांडा सैल केला की तो अलगद निघतो. रिकामा रोलर हाताने फिरवा आणि कान जवळ न्या. चांगलं बेअरिंग जवळजवळ बोलत नाही. कोरडं पडलेलं खरखरतं. गोळ्यांच्या मार्गात खड्डा पडला असेल तर प्रत्येक फेरीला त्याच जागी बोटाला एक बारीक ठेच लागते. पुन्हा फिरवा, डोळे मिटून. ठेच त्याच जागी लागते की वेगवेगळ्या? मग शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. हलत असेल तर बेअरिंग गेलं. ते साफ करून, ग्रीस भरून वाचवायचा मोह होईल, तो सोडा. नवं बेअरिंग फार महाग नसतं आणि जुन्याची दुरुस्ती होत नाही.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो टिपून घ्या. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर, ६२०३ म्हणजे १७. पुढे ०४ पासून शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोकाचं माप मिळतं. जगात कुठेही घ्या, हा हिशेब तोच. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. सँडरसाठी रबराचीच मागा. पत्र्याच्या झाकणाला फट असते आणि लाकडाची बारीक भुकटी त्या फटीतून आत जाते. बसवताना शाफ्टवर ठोकायचं असेल तर दाब फक्त आतल्या कडीवर द्या. बाहेरच्या कडीवर हातोडी मारली की तो मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवता बसवताच जुनं होतं.

आता चकतीसमोरचं टेबल बघा. गुण्या लावा. समजा, टेबल काटकोनात नाही, एक-दोन अंश कललेलं आहे आणि कोनाचा स्क्रू त्याच जागी गंजून बसला आहे. पहिला विचार येईल, यंत्र वाकडं आहे. इथे मात्र खरंच थांबा.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात फौंड्र्या आहेत. ओतकाम करायचं तर आधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो, त्याला तिथे पॅटर्नच म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबून साचा करतात आणि मग तो वर उचलून काढतात. त्याच्या उभ्या बाजू अगदी सरळ असतील तर निघताना त्या वाळूला घासतात आणि साच्याची कड ढासळते. म्हणून पॅटर्नमेकर प्रत्येक उभ्या बाजूला थोडा उतार ठेवतो, एखाद-दुसरा अंश. डोळ्याला तो जाणवतही नाही. हा उतार देण्याचं काम डिस्क सँडरवर फार छान होतं. टेबल एकदा त्या अंशावर कललं की वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे तुम्हाला जो दोष दिसला, ती एका माणसाच्या कामाची खूण असू शकते. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं, म्हणून तो माणूस पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी वाढीव मापाची वेगळी पट्टी वापरायचा. अशा माणसाने टेबल चुकून वाकडं ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला खुर्चीचे पाय किंवा खेळणी करायची असतील तर टेबल काटकोनात आणावंच लागेल. गंजलेल्या स्क्रूवर तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. पण काटकोनात आणण्याआधी यंत्रावर जे जे नेहमीपेक्षा वेगळं दिसतं त्या प्रत्येकाकडे एकदा बघून विचारा: हे झिजलं आहे, की कुणी लावलं आहे? झिजलेलं बदला. लावलेलं समजून घेऊन मग बदला.

मोटरबद्दल थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते आणि चार पोलची सुमारे १४४०. मोटर गुणगुणते पण उचलत नाही, असं असेल तर लगेच रिवाइंडिंगला नेऊ नका. बहुधा कंडेन्सर गेलेला असतो, किंवा सुरुवातीची वाइंडिंग तोडणाऱ्या स्विचच्या टोकांत भुकटी अडकलेली असते. आहेच, पुन्हा भुकटी. मात्र कंडेन्सर वायर काढल्यावरही वीज धरून ठेवतो, तेव्हा ती उतरवल्याशिवाय बोट लावू नका. उतरवायची कशी हे माहीत नसेल तर एवढं काम वायरमनकडून करून घ्या. आणि चकतीला हाताने झोका देऊन मोटर उचलायची जी युक्ती काही जण दाखवतात, ती दाखवू द्या. तुम्ही करू नका.

आता पट्टा चढवा. आतल्या बाजूला बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. ज्या पट्ट्याची टोकं एकमेकांवर चढवून चिकटवलेली असतात, तो उलटा फिरला तर त्याचा जोड प्रत्येक फेरीला लाकडाला अडतो आणि एक दिवस उखडतो.

पट्टा मधोमध चालवणं, कारखान्यात ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, ते या यंत्राचं सगळ्यात हळू काम आहे. पट्टा एका कडेला सरकतो आहे. का? आपल्याला वाटतं, तो उताराकडे घसरत असेल. उलट आहे. रोलरचा व्यास जिकडे जास्त, तिकडे सपाट पट्टा चढतो. चढावर टेकलेला पट्टा किंचित उंच बाजूला वळतो, त्यामुळे मागून येणारा भाग आणखी थोडा वर टेकतो, आणि असं करत करत तो माथ्यावर जाऊन स्थिरावतो. म्हणूनच बहुतेक यंत्रांत एक रोलर मधे जरासा फुगीर केलेला असतो. त्यावर स्टीलची पट्टी धरून मागून उजेड दाखवा, दोन्ही टोकांना बारीक फट दिसेल. ती फट बघत थोडा वेळ थांबा. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल, पण सगळा पट्टा तिच्या भरवशावर चालतो.

आता रोलरच्या कडांवरून नख फिरवा. लाकडातली राळ भुकटीत मिसळून एका बाजूला थर जमला असेल, तर तिथे खोटा माथा तयार झालेला असतो आणि पट्टा तिकडेच ओढला जातो. टर्पेंटाइनच्या फडक्याने तो थर काढल्याशिवाय ट्रॅकिंगचा नॉब पिळून उपयोग नाही.

रोलर साफ झाला की पट्टा हाताने फिरवा. वायर अजून बाहेरच आहे. नॉब पाव फेरा द्या आणि हात काढा. पट्टा पाच-सहा वेळा पूर्ण फिरू द्या. सरकला? किती? लगेच आणखी पाव फेरा द्यावासा वाटेल. पट्ट्याला तुमचा पहिला फेरा पोहोचायला वेळ लागतो. तोवर दुसरा दिला की दोन्ही मिळून तो पलीकडच्या कडेला जातो, मग तुम्ही उलटं पिळता, आणि तासाभराने नॉबचा आटा खराब झालेला असतो. एक बदल, मग श्वास घेऊन उत्तराची वाट, मगच दुसरा बदल. हाताने नीट चालू लागला की वीज जोडा, क्षणभर चालू करून बंद करा आणि पुन्हा बघा.

पिन पुन्हा भिंतीतून काढा आणि चकतीकडे वळा. जुना पेपर चिवटपणे चिकटलेला असेल, तर हेअर ड्रायरने गरम करा. गोंद मऊ होतो आणि पेपर कडेकडून निघतो. उरलेला चिकटपणा टर्पेंटाइनने जातो. नवा पेपर लावण्याआधी उघड्या चकतीच्या मधोमध बोट ठेवून विचार करा. ६ इंचाची चकती २८५० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे २३ मीटर जाते. मध्यापासून कडेपर्यंतच्या निम्म्या वाटेवर त्याच्या निम्मे. तुमच्या बोटाखाली शून्य. १२ इंचाच्या चकतीला १४४० फेऱ्यांची मोटर लावली तरी कडेचा वेग जवळपास तेवढाच येतो. त्यामुळे तुकडा एकाच जागी धरून बसलात तर कडेजवळ तो जळेल आणि मध्याजवळ घासलाच जाणार नाही. तुकडा हलता ठेवा, आणि चकतीच्या ज्या अर्ध्यात ती खाली, टेबलाकडे येते त्याच अर्ध्यात धरा. दुसऱ्या अर्ध्यात चकती तुकडा वर उचलून तुमच्याकडे फेकते.

काम सुरू झालं की दाब कमी ठेवा. कापतो तो पेपर, तुमचा खांदा नव्हे. जोर लावावासा वाटला तर समजा, पेपर भरला आहे किंवा बोथट झाला आहे. भरलेला पेपर कच्च्या रबराच्या ठोकळ्याने साफ होतो, बोथट झालेला बदलावाच लागतो. १२० नंबरवर ८० नंबरचं काम करायला गेलात तर लाकूड काळं पडेल आणि पट्ट्याचा जोड गरम होऊन सुटेल.

मास्क लावा, आणि कापडी रुमालाला मास्क म्हणू नका. लाकडाच्या भुकटीने माणसाला कर्करोग होतो, विशेषतः नाकाच्या पोकळीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. सागाच्या भुकटीने अंगाला खाज सुटते, ती तर सगळ्या सुतारांना ठाऊक आहे. जी भुकटी मोटर बंद पाडते, ती छातीत गेली तर काय करेल हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, पट्टे गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. कापड ओल धरतं, पट्टा वाकडा होतो आणि मग कितीही ट्रॅकिंग करा, तो लहरतच राहतो. जाड पाइपावर टांगून ठेवा. यंत्र आठवडाभर वापरायचं नसेल तर ताण सैल करून ठेवा.

झाकण शेवटचं बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा: कोणतं बेअरिंग घातलं, कोणत्या महिन्यात, पट्ट्याचं माप काय, आणि टेबल आधी किती अंशावर होतं. हे यंत्र तुमच्यानंतरही कुणाकडे तरी जाणार आहे. त्या माणसासाठी एवढं लिहाच.