कुंपण आणि शरणपूर

राज्याच्या सीमेस कुंपण घालणे न्याय्य आहे काय? भारत व बांगलादेश यांमधील ४,०९६ किलोमीटर सीमेच्या बऱ्याच भागावर ते आहेच. आमच्या मते याचे उत्तर नाशिकासच सापडते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने समुद्रावर पहारा करून गुलामांच्या व्यापाऱ्यांची तारवे धरिली, व सोडविलेल्या कित्येक आफ्रिकी मुलांस येथील शरणपुरात आसरा मिळाला. त्यांपैकीच जेकब वेनराइट हा १८७४ साली लिव्हिंगस्टनसाहेबांच्या शवाबरोबर इंग्लंडास गेला. त्या पहाऱ्याने विकणारा व विकलेला यांतील भेद ओळखिला. यास्तव कुंपण असावे. परंतु त्यास दार असावे, आणि द्वारपालाने दलालास अडवावे, पण त्याच्या हाती सापडलेल्यास विचारपूस केल्यावाचून माघारी लोटू नये. प्रिय वाचकहो, आपल्या गावाच्या वेशीशी उतरणाऱ्या परक्या मजुराविषयीही हाच नियम लागू आहे.