विरळ हवा आणि मंदावलेली भूक
जर्मनीतील झुगश्पिट्झ पर्वतावरील २,६५० मीटर उंचीच्या संशोधन केंद्रात २० स्थूल पुरुषांना आठवडाभर ठेवण्यात आले. सावकाश चालण्यापलीकडे व्यायाम करण्यास त्यांना मनाई होती, जेवणावर मात्र बंधन नव्हते, तरीही त्यांचे वजन घटले, कारण भरल्या ताटासमोरही भूक मंदावली होती. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लेप्टिन, म्हणजे चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे नेणारे संप्रेरक, वाढलेले आढळले. शिवाय विरळ हवेत स्वस्थ बसल्यावरही शरीराचा ऊर्जाखर्च वाढला होता. अमेरिकेतही सखल भागांपेक्षा उंचावरील वस्त्यांत प्रौढांमधील स्थूलता कमी आढळते. अर्थात तेथील लोकांचे वय, राहणीमान आणि चालण्याफिरण्याच्या सवयी त्यात मिसळलेल्या असल्याने सारे श्रेय एकट्या हवेला देणे घाईचे ठरते.