शिवेबाहेरचे तीन दिवस

रामेश्वराचा कौल मिळाला, की मालवण तालुक्यातले आचरे गाव तीन दिवस आणि तीन रात्री स्वतःला ओस करते. भात कापून, झोडून, घरात येऊन पडलेले असते. मार्गशीर्षाच्या गारव्यात गाव हातपाय पसरून बसायचे ते दिवस. नेमक्या त्याच वेळी, सहसा तीन-चार वर्षांच्या अंतराने, माणसे दारे ओढून घेतात, गुरे सोडतात, कोंबड्या टोपल्यांत घालतात, कुत्र्यांना बरोबर घेतात आणि शिवेपलीकडे जाऊन झापांच्या राहुट्यांत राहतात. हीच गावपळण. पलीकडच्या चिंदरला आणि वायंगणीलाही ती आहे. वैभववाडी तालुक्यातले शिराळे तर दरवर्षी गाव सोडते. देव रामेश्वर असला, तरी गावातली मुसलमान आणि ख्रिस्ती घरेही त्याच वाटेने बाहेर पडतात, कारण कौल गावाला झालेला असतो, आणि गाव म्हटले की त्यातून कोणाला वगळायचे हा प्रश्नच उरत नाही.

मला या प्रथेत सर्वांत जास्त खुणावते ते रिकामे गाव. जे कोणी पाहायचे नसते, ते मनात फार स्पष्ट दिसते. शेणाने सारवलेल्या खळ्यावर पाऊल नाही. तुळशीपुढे दिवा नाही. विहिरीच्या रहाटावर कोरडा दोर. माडांच्या चुडतांची सळसळ तेवढी चालू, पण ती ऐकायला कान नाहीत. ऐकणारा नसताना जे उरते ते गावच असते का, की गावाची केवळ आकृती? गंधर्वनगराची कल्पना आपल्या परंपरेला फार प्राचीन काळापासून मोहवत आली आहे. आकाशात क्षणभर प्रासाद, गोपुरे, तटबंद्या उभ्या राहाव्यात आणि पाहता पाहता विरून जाव्यात. गौडपादांनी तर माण्डूक्यकारिकेत दिसणाऱ्या साऱ्या विश्वालाच स्वप्नाच्या आणि या नगराच्या पंक्तीत नेऊन बसवले. तिथे नगर नसते आणि दिसते. आचऱ्यात गाव असते, चिऱ्याच्या भिंतींसह जसेच्या तसे असते, आणि तीन दिवस कोणालाही दिसत नाही. वास्तव नगराने इतक्या शांतपणे काल्पनिक नगर होऊन जावे, असे मी दुसरीकडे फारसे वाचलेले नाही.

नगरे रिकामी होण्याच्या कथा पुष्कळ आहेत, पण त्यांत माणसे बहुधा परत येत नाहीत. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेच्या लोकांना घेऊन निघतो आणि ते जी जी जागा सोडतात, ती ती त्यांच्या पाठीमागे समुद्र गिळत जातो. बाल्टिक समुद्राकाठचे लोक व्हिनेटा नावाच्या बुडालेल्या नगराची गोष्ट सांगतात, पाण्याखालून त्याच्या घंटा ऐकू येतात म्हणून. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला अशी कथा रचावीच लागत असेल. समुद्राने अजून नेलेले नाही ते एक दिवस नेईल, ही जाणीव मालवणच्या बंदरात उभे राहून सिंधुदुर्गाकडे पाहतानाही मनाला शिवून जाते. 1664 साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो तट लाटा झेलीत उभा आहे, आणि तटावरच्या घुमट्यांत, चुन्यात उमटलेल्या शिवाजी महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे माणसे मान लववतात. तट दगडाचा आहे, पण किल्ल्यात जाणाऱ्याची नजर त्या ठशांपाशी अडखळते. गेलेल्या माणसाच्या स्पर्शाची जागा आपण मोकळी ठेवली आहे, असे तिथे वाटते.

जागा मोकळी ठेवणे, मला वाटते, पुराणकथेचे हेच मोठे काम असावे. पळणीच्या दिवसांत गावात भुताखेतांचा, देवाच्या गणांचा वावर असतो, असे जुनी माणसे सांगतात. साथीच्या रोगांपासून सुटका व्हावी, हवा शुद्ध व्हावी, म्हणून पूर्वजांनी ही युक्ती काढली, असे शिकलेली माणसे सांगतात. दुसरे स्पष्टीकरण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते अपुरे आहे. आरोग्यासाठी घर सोडणारा माणूस घराचा मालकच राहतो. भुतांसाठी घर सोडणारा मात्र मान्य करतो, की या भूमीवर आपल्याखेरीज आणखी कोणाचा तरी हक्क आहे.

जर्मनीच्या पूर्वेकडे, स्प्री नदीच्या खोऱ्यात सोर्ब नावाचा एक लहानसा स्लाव समाज राहतो. त्यांच्याकडे मध्यान्हीची एक स्त्री आहे, हातात विळा घेतलेली. भर दुपारी शेतात काम करीत राहणाऱ्याला ती गाठते आणि जवसाच्या झाडाविषयी, त्याच्या पेरणीपासून कापड विणेपर्यंत, तासभर प्रश्न विचारते. उत्तरे संपली तर जीव जातो. कोकणातही भर दुपारी वडापिंपळाखालून जाऊ नये म्हणतात. इतक्या दूरच्या दोन कृषिसमाजांनी दिवसातला तो तप्त प्रहर माणसाच्या हातून काढून घेतला, याचे मला फार अप्रूप वाटते. आणि त्या स्त्रीचा प्रश्न किती मार्मिक आहे! ती नावगाव विचारत नाही. तुझ्या हातांना तुझे काम मुळापासून ठाऊक आहे का, एवढेच विचारते.

त्याच सोर्बांच्या प्रदेशात विसाव्या शतकात कोळशाच्या उघड्या खाणींनी शंभराहून अधिक गावे गिळली. तिथल्या माणसांना कौल लावता आला नाही. आणि आमच्याकडे? वाडीवाडीत कुलूप लागलेली घरे आहेत. चाकरमानी चतुर्थीला येतो, माटवी बांधतो, चार दिवस दिवे लागतात, पुन्हा कडी. मुंबईला निघताना परतीचा कौल कोणी मागितला होता? पळणीची माणसे तो मागतात. तिसरी रात्र सरली, की पुन्हा देवाला विचारले जाते, आणि तो ‘होय’ म्हणेपर्यंत कोणी शीव ओलांडत नाही. तोवर माळावर तीन दगडांच्या चुलीवर पेज शिजते, रात्री भजन रंगते, आणि एरवी ज्यांच्या गडग्यांवरून भांडणे चालतात ती घरे एका झापाच्या आडोशाने शेजारी निजतात.

पुढच्या पळणीची बातमी ऐकून तुम्ही आचऱ्याला जाणार असाल, तर एवढे करा: ओस गावाची छायाचित्रे काढायला शिवेच्या आत शिरू नका. माळावर जा, राहुटीत बसा, आणि म्हाताऱ्यांना बोलू द्या.