मागणी घटली म्हणून टाळ्या?

'रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) कामाची मागणी घटली की ग्रामीण भागात सुबत्ता आली असे समजावे.' हे वाक्य तू प्रकल्पात ठळक करून छापलंस. कुणी शिकवलं? मी तर नाही.

मालेगाव तालुक्यातला मुलगा तू, आणि कांदा विसरलास? मार्च-एप्रिलात उन्हाळ कांद्याची काढणी असते. बाया उक्त्यानं कामं घेतात, पैसे रोख मिळतात. तेव्हा रोहयोवर कोण जाईल? मेमध्ये शेतं मोकळी पडली की मागणी चढते. म्हणून मार्चचा आकडा मागच्या मार्चशी ताडायचा. तू तो मेशी ताडलास आणि टाळ्या वाजवल्यास. शाबास!

बरं, मागणी नोंदते कशी, हे तरी पाहिलंस? मजुरानं नमुना 4 भरायचा, त्याला तारखेची पोच मिळायची. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम दिलं नाही, तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो. मग पोच द्यायला हात आखडतातच. पुष्कळ ठिकाणी आधी काम मंजूर होतं आणि मग अर्ज भरून घेतले जातात. कागदावर मागणी आणि पुरवठा कसे छान जुळतात! मजुरी रखडली की माणूस पुन्हा अर्ज करत नाही, सुरतेची गाडी धरतो. संगणकाच्या लेखी मागणी घटली. ही तुझी सुबत्ता.

1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारे हात डोळ्यांना दिसत होते, अर्जाची वाट पाहावी लागत नव्हती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या रोजगार हमी योजनेचा पुढे 1977 मध्ये कायदा झाला, तो मागेल त्याला काम देण्यासाठी. न मागणाऱ्याचं पोट भरलेलं आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि यंत्रमाग? 2020 च्या टाळेबंदीत मालेगावचे माग थांबले. शहरातला मजूर या योजनेत बसतच नाही. उत्तर प्रदेशातल्या गावी परतला असेल, तर त्याची मागणी तिथे नोंदली गेली असेल. तुझ्या तक्त्यात तो नाहीच.

31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपला तालुका होता. तुझ्या आलेखावर त्या तारखेची साधी खूणसुद्धा नाही. दुष्काळातही रेघ वर चढली नसेल, तर खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

हे कागद परत ने. माळमाथ्यावरच्या गावांत जा, पण आधी रोजगार सेवकाकडे नको. बायांना विचार, शेवटचा अर्ज कधी दिला आणि पोच मिळाली का. सोमवारी वही घेऊन ये.