डिस्ट्रॅक्शन: बाहेरचे आणि आतले

डिस्ट्रॅक्शन हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात दोन अर्थांनी रुळला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी ‘मोबाइल हे मोठं डिस्ट्रॅक्शन आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो लक्ष ओढून घेणाऱ्या वस्तूबद्दल बोलत असतो. ‘आज फार डिस्ट्रॅक्ट होतंय’ म्हणताना मात्र तो स्वतःच्या मनाची स्थिती सांगत असतो. लॅटिनमधील मूळ क्रियापदाचा अर्थ वेगवेगळ्या दिशांना ओढणे असा आहे. इंग्रजीत या शब्दाला विरंगुळ्याचीही छटा आहे; मराठी वापरात ती फारशी आलेली नाही. मराठीत बाहेरच्या अडथळ्याला व्यत्यय म्हणतात आणि मनाच्या स्थितीसाठी लक्ष उडणे, चित्त विचलित होणे असे प्रयोग आहेत.

या दोन्ही बाजूंचा विचार छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठ्याच्या लेण्यांत दिसतो. वाघोरा नदीच्या वळणावर, वस्तीपासून दूर, भिक्षूंच्या निवासासाठी विहार कोरले गेले. लेणे क्रमांक १२ मध्ये सभागृहाच्या तीन बाजूंना १२ खोल्या आहेत आणि प्रत्येकीत झोपण्यासाठी दोन दगडी ओटे आहेत. नजर खिळवील असे खोलीत दुसरे काही नाही. आजच्या अभ्यासिकेतील आडोसा घातलेले टेबल आणि शांततेची सक्ती यांचा हेतूही व्यत्यय कमी करणे हाच असतो.

बाहेरचा व्यत्यय दूर झाल्यावरही चित्त स्थिर होतेच असे नाही. पाचव्या शतकातील लेणे क्रमांक २६ मध्ये, डाव्या भिंतीवर, मारविजयाचे, म्हणजे ध्यान मोडू पाहणाऱ्या माराला बुद्धांनी जिंकल्याचे, मोठे शिल्प आहे. बोधिवृक्षाखाली बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत बसले आहेत. वरच्या बाजूला हत्तीवर बसलेला मार आणि त्याचे शस्त्रधारी सैन्य चालून येते, तर खाली मारकन्या नाचून मोह घालतात. भय आणि मोह या चित्त ओढणाऱ्या दोन बलवान शक्ती शिल्पकाराने एकाच चौकटीत कोरल्या आहेत. त्या गोंधळात बुद्धांची बैठक ढळलेली नाही. पराभूत मार मात्र एका कोपऱ्यात खिन्न बसला आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांतही चित्तविक्षेपाची, म्हणजे चित्त विचलित होण्याची, नऊ कारणे दिली आहेत. व्याधी, संशय, प्रमाद, आळस, विषयांची ओढ ही त्यांपैकी काही. या यादीत बाहेरच्या एकाही वस्तूचे नाव नाही. सारी कारणे शरीराची किंवा मनाची आहेत. शरीराची अस्थिरता आणि अनियमित श्वास ही विक्षेपासोबत येणारी लक्षणे सांगितली असून एकाच तत्त्वाचा अभ्यास हा त्यावर उपाय सांगितला आहे.

म्हणून डिस्ट्रॅक्शन हा शब्द वापरताना तो कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे स्पष्ट असणे महत्त्वाचे ठरते. मोबाइल दूर ठेवला की व्यत्यय थांबतो. परीक्षेच्या निकालाची धास्ती किंवा विषयाचा कंटाळा यांनी उडालेले लक्ष मात्र जागा बदलून ताळ्यावर येत नाही. ते उडाल्याचे ओळखून पुन्हा हातच्या कामावर आणावे लागते, आणि ही सवय रोजच्या सरावानेच अंगी बाणते.